पालघाटची खिंड नेमकी कोणासाठी भिंत ठरते? भौगोलिक अलगता आणि नव्या प्रजातींची निर्मिती (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

शोलावाट

उत्क्रांतीविषयीच्या लोकप्रिय लेखनात नव्या प्रजातीची कहाणी ठरावीक पद्धतीने सांगितली जाते. एखादा डोंगर उभा राहतो, एखादी नदी मार्ग बदलते किंवा समुद्र मध्ये शिरतो. एका प्रजातीचे दोन गट होतात आणि काही लाख वर्षांनी दोन वेगळ्या प्रजाती दिसतात. या सांगण्यात चूक काही नाही, पण त्यातून असे वाटू लागते की अडथळा ही भूगोलाची बाब आहे आणि तो सर्वांसाठी सारखाच असतो. माझे म्हणणे असे आहे की नकाशावरचा अडथळा आणि प्राण्याच्या आयुष्यातला अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवी प्रजाती दुसऱ्या अडथळ्यामुळे घडते. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे याचे फार चांगले उदाहरण आहे.

निलगिरी आणि अनैमलाई या दोन उंच डोंगररांगांच्या मध्ये पालघाटची खिंड आहे. ती सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद असून दोन्ही बाजूंची शिखरे २,००० मीटरच्या वर जात असताना खिंडीचा तळ अवघ्या काहीशे मीटरांवरच राहतो. आणखी दक्षिणेला शेनकोट्टाची खिंड आहे, ती बरीच अरुंद आहे. या डोंगरांच्या माथ्यावर, साधारण १,४०० मीटरच्या वर, घळींमध्ये शोला नावाची थंड, दमट, बुटकी जंगले आणि त्यांच्याभोवती गवताळ उतार असतात. खाली उतरताच हवा बदलते, झाडे बदलतात आणि शोलातल्या जीवांसाठी तो प्रदेश समुद्रासारखा परका होतो. म्हणूनच अभ्यासक या माथ्यांना ‘आकाशबेटे’ म्हणतात.

या आकाशबेटांवरील पक्ष्यांच्या संपूर्ण समुदायाचा एक जनुकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ ठिकाणांहून २३ प्रजातींचे ३५६ पक्षी तपासले होते. खिंड २३ प्रजातींसाठी एकच होती, तिची रुंदी आणि खोलीही तीच होती. तरीही खिंडीच्या दोन बाजूंना जनुकीयदृष्ट्या जुनी फाळणी झालेल्या प्रजाती १० निघाल्या. त्यांच्यापैकी काहींमध्ये अरुंद, उथळ खिंडींच्या दोन बाजूंना त्याहून अलीकडची फाळणी आढळली. शिवाय या फाळण्यांचा काळ प्रत्येक प्रजातीत निराळा होता आणि त्यांतील बहुतेक हिमयुगीन चढउतारांच्या काळात घडलेल्या होत्या. खिंड तर त्याहून कितीतरी जुनी आहे. याचा अर्थ मला असा दिसतो की खिंड नेहमीच अडथळा नव्हती. थंड काळात शोलासारखी जंगले खाली सरकत असली पाहिजेत, तेव्हा खिंड काही पक्ष्यांना ओलांडता येत असावी आणि हवा उबदार होऊन जंगले पुन्हा माथ्यावर गेली की दार बंद होत असावे. ते कधी बंद झाले, हे पक्ष्याच्या सवयींवरही अवलंबून होते.

ज्यांच्यासाठी ते दार पक्के बंद झाले, त्यांच्यात शोलाकिली हा जमिनीलगत, दाट झुडपांखाली वावरणारा निळसर लहान पक्षी येतो. पालघाटच्या उत्तरेला एक प्रजाती, पालघाट आणि शेनकोट्टा यांच्या मध्ये दुसरी आणि शेनकोट्टाच्या दक्षिणेला अशांबूच्या डोंगरात तिसरी. ही तिसरी प्रजाती २०१७ मध्ये नवी म्हणून नोंदली गेली. त्याच शोधनिबंधात या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’ आणि इथल्या लाफिंगथ्रश नावाच्या पक्ष्यांसाठी ‘मॉन्टेसिंक्ला’ असे दोन नवे जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचे गट, मांडण्यात आले. मॉन्टेसिंक्लाच्या चार प्रजाती आहेत: निलगिरीची, वायनाडकडच्या बाणासुर डोंगरांतली, पळनी-अनैमलाईची आणि अशांबूची. निलगिरी आणि बाणासुर यांच्यामध्ये पालघाटसारखी मोठी खिंड नाही, केवळ कमी उंचीचा प्रदेश आहे, तरीही एवढे अंतर त्यांना पुरले.

पनामाच्या संयोगभूमीचे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडल्या गेल्या आणि कॅरिबियन समुद्र व प्रशांत महासागर वेगळे झाले. नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या पिस्तूल कोळंब्यांच्या जवळच्या नात्यातील जोड्या तपासल्या. बहुतेक जोड्यांमध्ये नर आणि मादी एकत्र ठेवल्यास ते एकमेकांवर आक्रमक होत आणि फारच थोड्या जोड्यांना सक्षम अंडी होत. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सर्व जोड्या एकाच वेळी वेगळ्या झालेल्या नव्हत्या. खारफुटीत आणि उथळ पाण्यात राहणाऱ्या कोळंब्या सर्वांत शेवटी वेगळ्या झाल्या, तर खोल पाण्यातल्या त्याच्या कितीतरी आधी. जमीन वर येत असताना खोल पाण्याचा मार्ग आधी बंद झाला, उथळ पाणी मात्र शेवटपर्यंत वाहत राहिले. सगळ्यांच्या मध्ये एकच भिंत उभी राहत होती, पण प्रत्येकीसाठी ती वेगळ्या दिवशी पूर्ण झाली.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्येच ॲमेझॉनच्या खोऱ्यातील माकडांविषयी लिहिताना नोंदवले होते की मोठ्या नद्यांच्या दोन काठांवर वेगवेगळ्या प्रजाती आढळतात. आफ्रिकेत काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी आणि दक्षिणेला बोनोबो आहेत. या वानरांना पोहता येत नाही. त्याच नदीवरून उडणाऱ्या बगळ्याला ती नदी म्हणजे अन्नाची जागा आहे.

महाराष्ट्राच्या पठारांचा, कातळसड्यांचा आणि कड्यांचा या दृष्टीने कोणी विचार केला आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कातळसडा

आपला मुद्दा उत्तर सह्याद्रीला लागू करताना प्राणी जपून निवडला पाहिजे. आपल्याकडे १,४०० मीटरच्या वरचा प्रदेश अगदी थोडा आहे आणि पालघाटसारखी एकच मोठी खिंडही नाही. म्हणून पक्ष्यांकडे पाहिले तर फारसे काही हाती लागत नाही. पालींकडे पाहिले की चित्र बदलते.

नेमास्पिस या जीनसमधील पाली लहान असतात, गोल बाहुलीच्या डोळ्यांनी दिवसा वावरतात आणि त्यांपैकी अनेक सावलीतल्या दमट कातळांच्या भेगांत राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूर परिसरातून २००९ मध्ये एक आणि कासच्या पठारावरून २०१४ मध्ये एक अशा नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या. त्यानंतरही उत्तर सह्याद्रीतून अशा पाली सातत्याने सापडत आहेत आणि त्यांतील अनेकींची ज्ञात ठिकाणे अगदी मोजकी आहेत. कास ते दाजीपूर हे अंतर माणसाला मोटारीने काही तासांचे आहे. उन्हात तापणारे गवत आणि शेते ओलांडून दुसऱ्या दमट कड्यापर्यंत पोचण्याची शक्यता नसलेल्या पालीला मात्र मधले एखादे कोरडे खोरेसुद्धा पुरेसे असू शकते.

याउलट पठारांवर उघड्या जागी राहणारे सरडे. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचा ‘सरडा’ हा जीनस २०१६ मध्ये मांडला गेला आणि त्यातील एक प्रजाती साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून नोंदली गेली. या सरड्यांना ऊन आणि मोकळी जमीनच हवी असते, त्यामुळे त्यांच्यासाठी अडथळा ठरेल तो दाट जंगलाचा पट्टा. म्हणजे कासच्या परिसरात एकाच नकाशावर पालीची बेटे आणि सरड्याची बेटे जवळजवळ एकमेकांची उलट प्रतिमा ठरतील. असा नकाशा कोणीतरी काढला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

एक शंका मात्र मांडतो. आपल्याकडे एखादी वनस्पती किंवा प्राणी एकाच किल्ल्यावर किंवा एकाच पठारावर सापडला की लगेच ‘अलगतेमुळे तिथे नवी प्रजाती तयार झाली’ असे लिहिले जाते. कंदीलपुष्पांच्या बाबतीत हे वारंवार वाचायला मिळते. त्यांच्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो आणि त्या वाऱ्यावर उडतात. मग पठारांमधले अंतर त्यांच्यासाठी खरोखरच अडथळा आहे का?

शोलावाट

आपली शंका रास्त आहे. प्रदेशनिष्ठ असणे आणि त्याच जागी निर्माण झालेले असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखादी प्रजाती पूर्वी विस्तृत प्रदेशात असेल आणि आज केवळ एका कोपऱ्यात उरली असेल, तर तिचा छोटा प्रदेश तिच्या जन्माविषयी काहीच सांगत नाही. २००३ मध्ये इडुक्कीहून नोंदलेला जांभळा बेडूक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी दाखवून दिले की त्याचे जिवंत नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. म्हणजे त्याची मूळ अलगता सह्याद्रीतल्या कोणत्या खिंडीशी नसून गोंडवन भूखंड फुटण्याच्या काळाशी जोडलेली आहे.

कंदीलपुष्पांच्या बाबतीत परागण करणाऱ्या लहान माश्या, फुलाच्या नळीचा आकार आणि वास यांचाही हात असू शकतो. दोन ठिकाणच्या फुलांकडे वेगवेगळ्या माश्या जात असतील, तर बी उडून पलीकडे रुजले तरी परागकण एकमेकांत मिसळणार नाहीत. हे तपासायचे तर शेजारच्या पठारांवरील झाडांचे जनुकीय नाते आधी मांडावे लागेल. त्याशिवाय केवळ वितरणाच्या नकाशावरून निष्कर्ष काढू नये, या आपल्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

उत्तरायण

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारते. दोन गट वेगळे राहिले म्हणून त्यांच्यात रंगरूपाचे फरक पडतील, हे समजते. परंतु पुन्हा भेटल्यावर त्यांना एकत्र पिल्ले होऊ नयेत, असे का घडावे? त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात निसर्गाचा काही लाभ आहे का? आणि जे पक्षी कधी भेटतच नाहीत, ते वेगळ्या प्रजातीचे आहेत हे ठरवायचे कसे?

शोलावाट

निसर्गाचा लाभ असण्याची गरजच नाही, हेच यातील सर्वांत सुंदर उत्तर आहे. एकत्र पिल्ले न होणे हा बहुतेक वेळा इतर बदलांचा अनपेक्षित परिणाम असतो. अशी कल्पना करावी की मूळ गटात दोन जनुके एकमेकांशी जुळवून काम करतात. डाव्या बाजूच्या गटात पहिल्या जनुकात बदल होतो आणि तो दुसऱ्याच्या जुन्या रूपाबरोबर नीट चालतो. उजव्या बाजूच्या गटात दुसऱ्या जनुकात बदल होतो आणि तोही पहिल्याच्या जुन्या रूपाबरोबर नीट चालतो. आपापल्या ठिकाणी दोन्ही गट सुदृढ असतात. पण संकरित पिल्लात ही दोन नवी रूपे प्रथमच एकत्र येतात आणि त्यांची जुळणी कोणत्याच पिढीत पारखली गेलेली नसते. अशा न जुळणाऱ्या काही जनुकजोड्या साचल्या की संकरित पिल्ले दुबळी किंवा वांझ होऊ लागतात. थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन म्युलर यांनी हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्टपणे मांडला.

जोडीदाराची पसंतीही अशीच नकळत बदलते. डायान डॉड यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला फळमाश्यांवरील प्रयोग अभ्यासक्रमांत शिकवला जातो. एकाच मूळ साठ्यातील माश्यांचे काही गट पिष्टमय अन्नावर आणि काही गट माल्टोज या साखरेवर अनेक पिढ्या वाढवण्यात आले. नंतर त्यांना एकत्र आणले तेव्हा पिष्टावर वाढलेल्या माश्यांनी पिष्टावरच्या आणि साखरेवर वाढलेल्यांनी साखरेवरच्या जोडीदारांना अधिक पसंती दिली. आपल्या चर्चेसाठी या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. पिष्टावरच, पण वेगवेगळ्या पेट्यांत वाढलेले गट एकमेकांना नाकारत नव्हते. म्हणजे त्या थोड्या पिढ्यांत केवळ वेगळे राहणे पुरेसे ठरले नाही, जगण्याची परिस्थितीही वेगळी असावी लागली. परिस्थिती सारखीच असेल तर उत्परिवर्तने आणि योगायोगाने होणारे जनुकीय बदल यांच्यावर काम चालते आणि त्याला फार जास्त काळ लागतो. लहान गटात हे योगायोग अधिक परिणामकारक ठरतात.

कधीच न भेटणाऱ्या गटांच्या बाबतीत मात्र अंतिम निर्णय अभ्यासकांच्या विचारावर सोपवावा लागतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जनुकांतील अंतर, शरीराची मापे, पिसांचे रंग आणि गाणे असे अनेक पुरावे एकत्र ठेवले जातात. शोलाकिलीच्या गाण्यांची तुलना झाली आहे. प्राचीन खिंडींनी विभागलेल्या गटांच्या गाण्यांत आढळणारे फरक अलीकडच्या जंगलतोडीने विभागलेल्या गटांमधल्या फरकांपेक्षा वेगळ्या स्वरूपाचे आहेत. पक्ष्यांमध्ये गाणे हीच जोडीदाराची ओळख असल्यामुळे मी या पुराव्याला रंगापेक्षा अधिक वजन देतो.

पानगळ

गाण्याचा विषय निघाला म्हणून हिवाळ्यात आपल्या आमराईत आणि बागांत येणाऱ्या हिरवट पर्णवटवट्याचे उदाहरण देते, कारण तो अर्धे वर्ष आपला शेजारी असतो. त्याच्या विणीचे प्रदेश हिमालयापासून सुरू होऊन तिबेटच्या पठाराच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे सायबेरियापर्यंत गेलेले आहेत. तिबेटचे उजाड, उंच पठार त्याला राहण्याजोगे नाही, म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून पसरलेली आहे. पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या दोन्ही हातांवर शेजारचे गट एकमेकांसारखेच असतात आणि गाणे उत्तरेकडे हळूहळू अधिक लांब व गुंतागुंतीचे होत जाते, पण दोन्ही हातांवर निराळ्या रीतीने. सायबेरियात हे दोन हात पुन्हा भेटतात तेव्हा एकाचे नर दुसऱ्याच्या गाण्याला सहसा उत्तर देत नाहीत. पंखावरच्या पट्ट्याही वेगळ्या असतात. पश्चिमेकडच्याला एक पट्टी असते, पूर्वेकडच्याला दोन.

क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये हे वलय ओळखले आणि डॅरेन अर्विन व सहकाऱ्यांनी २००१ पासून त्याचा गाणी व जनुके यांच्या आधारे सखोल अभ्यास केला. मात्र २०१४ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर झालेल्या कामातून दिसले की वलय पूर्णपणे अखंड राहिलेले नव्हते, पूर्वी त्यात काही ठिकाणी खंड पडलेले होते. म्हणजे जिथे सलग, हळुवार बदल दिसत होता, तिथेही कधीकाळी काही अंशी अलगता होतीच. आपल्या मूळ मुद्द्याला हे उदाहरण बळ देते असे मला वाटते.

उत्तरायण

मग भौगोलिक अलगतेशिवाय नवी प्रजाती होऊच शकत नाही, असे म्हणायचे का?

पानगळ

तसे कोणी आता म्हणत नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ पासून भौगोलिक अलगतेवर फार जोर दिला आणि प्राण्यांच्या बाबतीत बहुतांशी तो योग्यही ठरला. पण अपवाद अभ्यासण्याजोगे आहेत. उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांत अंडी घालणारी एक माशी एकोणिसाव्या शतकात, युरोपीय लोकांनी आणलेल्या सफरचंदांवर येऊ लागली. सफरचंदे आधी पिकतात, माश्या फळावरच जोडी जमवतात आणि प्रौढ माशीचे आयुष्य थोडे असते. त्यामुळे एकाच बागेच्या परिसरात काळाची भिंत उभी राहिली. दोन्ही गटांत अजूनही काही मिसळ होते, म्हणून त्यांना अजून स्वतंत्र प्रजाती म्हणत नाहीत.

जेफ्री फेडर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या कथेला एक वेगळे वळण दिले. फळ पिकण्याच्या काळाशी जुळवून घ्यायला उपयोगी पडलेले जनुकीय वैविध्य मेक्सिकोच्या उंच प्रदेशातील माश्यांच्या गटातून आलेले आहे आणि तो गट फार पूर्वी उत्तरेकडच्या माश्यांपासून भौगोलिकदृष्ट्या वेगळा राहिलेला होता. शेजारी राहून फुटण्याची क्षमतासुद्धा जुन्या अलगतेने पुरवलेली होती.

कातळसडा

यातून पुढचा प्रश्न निघतो आणि तो मला अस्वस्थ करतो. आपण धरणे, रस्ते, मळे आणि सडे फोडून काढलेल्या खाणी यांनी सगळीकडे नवे अडथळे उभे करत आहोत. काही जण सहज म्हणून जातात की यातूनही नव्या प्रजाती होतील. हे खरे मानावे का?

शोलावाट

मी तसे मानत नाही. अनैमलाई-पळनी भागात चहाचे मळे आणि लाकडासाठी केलेल्या लागवडींमुळे शोलाचे तुकडे झाले आहेत. तिथल्या दोन पक्ष्यांवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात जंगलाला चिकटून राहणाऱ्या शोलाकिलीच्या तुटलेल्या गटांत जनुकीय दुरावा दिसून आला, तर थोडे मोकळ्या झाडीतही वावरू शकणाऱ्या लाफिंगथ्रशमध्ये तो त्या मानाने कमी होता. इथेही भिंत प्राण्यानुसारच ठरली. पण फरक काळाचा आहे. प्रजाती घडायला हजारो पिढ्या लागतात आणि तेवढ्या पिढ्या टिकण्यासाठी गट पुरेसा मोठा असावा लागतो. तुकड्यात अडकलेला लहान गट वैविध्य गमावतो, त्याच्यात जवळच्या नात्यातले संबंध वाढतात आणि एखादा वणवा किंवा एखादे वाईट वर्ष त्याला संपवू शकते. बेटावर नवे घडण्याआधी तिथे जे आहे ते टिकले पाहिजे.

अशांबूच्या शोलाकिलीचे सगळे जग शेनकोट्टाच्या दक्षिणेकडच्या काही माथ्यांवर सामावलेले आहे. जोवर तिला शेनकोट्टाच्या उत्तरेकडच्या पक्ष्याचेच एक रूप मानले जात होते, तोवर एका डोंगरातून ती नाहीशी झाली तरी ‘इतरत्र आहे’ असे म्हणता येत होते. २०१७ नंतर तसे म्हणता येत नाही. आपल्या सड्यांवरील आणि कड्यांवरील पालींनाही हेच लागू होते. म्हणून एखाद्या सड्यावर खाणीला किंवा प्रकल्पाला परवानगी देण्यासाठी पाहणी होते तेव्हा ‘ही पाल कोकणात सर्वत्र आढळते’ या वाक्यावर न थांबता त्या सड्यावरचे आणि शेजारच्या सड्यावरचे नमुने जनुकीयदृष्ट्या ताडून पाहावेत, अशी मागणी आपण लेखी हरकतींमध्ये करायला हवी. कातळसडा, आपण सुचवलेला पाली आणि सरडे यांचा दुहेरी नकाशा त्या हरकतीला जोडता आला तर तिला ठोस आधार मिळेल.

कातळसडा

कास, चाळकेवाडी आणि दाजीपूर या तीन ठिकाणांच्या प्रसिद्ध नोंदी मी एकत्र करायला घेतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांची माहिती ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ठिकाणाची उंची, कातळाचा प्रकार, सावली आहे की ऊन आणि नोंदीचा महिना एवढे इथेच लिहावे. दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा मात्र उघडपणे देऊ नये, कारण पाळीव प्राण्यांच्या चोरट्या व्यापारासाठी त्यांना पकडणारे लोकही अशा चर्चा वाचत असतात. तेवढ्यासाठी केवळ तालुक्याचे नाव पुरेसे आहे.